घरी राहून बरे होणे : सौम्य सर्दी-तापात घराचे व शाळेचे कर्तव्य

पावसाळा स्थिरावल्यावर, आणि पुन्हा थंडी सरत असताना, खेड्यांतील शाळांच्या हजेरीपटावर एक ठरावीक चित्र उमटते. प्रथम एका वर्गातील दोन-तीन मुले गैरहजर राहतात. चार दिवसांत त्यांच्या शेजारी बसणारी मुले, त्यांची भावंडे आणि मग दुसऱ्या वर्गातील मुले दिसेनाशी होतात. चौकशी केली असता घरोघर एकच उत्तर मिळते : ताप आहे, नाक वाहते, अंग दुखते, खोकला आहे. अशा वेळी गावात फारशी धावपळ होत नाही. 'हवा बदलली, म्हणून सर्दी झाली' असे म्हणून मुलास दोन दिवस घरी ठेवतात व ताप जरा उतरला की शाळेत धाडतात. बहुतेक मुले बरी होतात, हे खरे. परंतु त्याच आठवड्यात त्याच घरातील दमेकरी आजी अंथरुणास खिळते, किंवा पाळण्यातील तान्ह्याची छाती भरून येते, तेव्हा त्याचा संबंध मुलाच्या सर्दीशी कोणी जोडत नाही.

हा संबंध ध्यानात घेतल्यावाचून घरच्या उपचाराचा विचार पुरा होत नाही. आजार सौम्य आहे असे म्हणताना तो रोग्यापुरता सौम्य असतो. सबंध घरापुरता सौम्य असेलच असे नाही. म्हणून घरी राहून बरे होण्याचे दोन भाग आहेत. रोग्याने स्वतः बरे व्हावे हा पहिला, आणि त्याचा रोग घरातील अशक्त माणसापर्यंत पोहोचू नये हा दुसरा. पहिला भाग बहुधा निसर्गच पार पाडतो. दुसरा मात्र माणसांनी समजून-उमजून पार पाडावा लागतो, आणि तेथेच शिक्षकाच्या शब्दाचा उपयोग होतो.

रोगाचे स्वरूप व प्रसार

सर्दी-ताप-खोकला या नावाखाली अनेक रोग मोडतात. साधे पडसे, इन्फ्ल्युएंझा म्हणजेच फ्लू, आणि २०२० पासून सर्वांच्या परिचयाचा झालेला कोविड हे त्यांपैकी प्रमुख होत. त्यांचे विषाणू निरनिराळे आहेत. नुसती लक्षणे पाहून कोणता रोग आहे हे डॉक्टरासही पुष्कळदा निश्चित सांगता येत नाही. परंतु घरी घ्यावयाची काळजी या सर्वांत जवळजवळ एकच असल्यामुळे, चाचणी होवो वा न होवो, ती काळजी पहिल्या दिवसापासून सुरू करता येते.

या रोगांकडे हलकेपणाने पाहू नये, हे इतिहासावरून दिसते. १९१८ च्या जून महिन्यात मुंबईत इन्फ्ल्युएंझाची साथ आली. तिची पहिली लाट तुलनेने सौम्य होती. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस आलेली दुसरी लाट भयंकर ठरली आणि भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्या काळी रोगाचे कारणही ठाऊक नव्हते. मानवी इन्फ्ल्युएंझाचा विषाणू लंडन येथील शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये प्रथम वेगळा केला. पुढे १९५७ मध्ये आशियाई फ्लूची साथ भारतात पोहोचली. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली, तेव्हा देशातील पहिला मृत्यू त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्यात झाला आणि ती एक शाळकरी मुलगी होती. २०२० मध्ये कोविडमुळे शाळांची दारेच बंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडविषयीची आणीबाणी मे २०२३ मध्ये संपल्याचे जाहीर केले. तथापि तो विषाणू नाहीसा झालेला नाही. फ्लूप्रमाणेच तोही आता अधूनमधून येणारा पाहुणा झाला आहे.

प्रसाराचे मार्ग तीन आहेत. खोकताना व शिंकताना उडणारे तुषार समोरच्या माणसाच्या नाका-तोंडात जातात, हा पहिला मार्ग. बोलताना, गाताना व नुसता श्वास सोडतानाही अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात आणि कोंदट खोलीत ते बराच वेळ हवेत तरंगत राहतात, हा दुसरा. रोग्याच्या हातावरून किंवा त्याने हाताळलेल्या वस्तूवरून विषाणू दुसऱ्याच्या हाती लागतो व तो हात नाका-डोळ्यांस लागतो, हा तिसरा. पावसात भिजल्याने किंवा थंड पदार्थ खाल्ल्याने हा रोग आपोआप उत्पन्न होत नाही. पावसाळ्यात तो फैलावतो, याचे एक मोठे कारण असे की त्या दिवसांत माणसे दारे-खिडक्या लावून एकाच खोलीत दाटीने बसतात.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावी. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून बहुधा १ ते ४ दिवसांत लक्षणे दिसतात, परंतु लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच तो माणूस दुसऱ्यास रोग देऊ शकतो. कोविडमध्येही असेच घडते. म्हणजे सोमवारी हसत-खेळत वर्गात बसलेले मूल मंगळवारी तापाने फणफणले, तरी त्याने सोमवारीच शेजाऱ्यास रोग दिलेला असू शकतो. यात त्या मुलाचा किंवा त्याच्या घरचा काही दोष नाही. यास्तव 'अमक्याच्या पोराने साथ आणली' अशी बोलणी वर्गात व गावात होऊ देऊ नयेत. दोष दिल्याने लोक आजार लपवितात, आणि लपविलेला आजार अधिक पसरतो.

सौम्य आजार कोणता व कोणासाठी

ताप आहे, घसा दुखतो, नाक वाहते, खोकला व अंगदुखी आहे; परंतु श्वास मोकळा आहे, माणूस नीट बोलतो, पाणी व पातळ अन्न घेतो, स्वतः उठून लघवीस जातो, तर तो आजार सौम्य समजावा. अशा बहुतेक रोग्यांचा ताप ३ ते ५ दिवसांत उतरतो. खोकला व थकवा दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

परंतु काही माणसांच्या बाबतीत आरंभ सौम्य असला तरी त्यावर विसंबता येत नाही. साठी उलटलेले वृद्ध, पाच वर्षांखालील व त्यातही दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, मधुमेह, हृदयविकार, दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा क्षयरोग असलेले रोगी, आणि विदर्भ व खानदेशातील आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचे रोगी या वर्गात येतात. यांपैकी कोणास ताप-खोकला सुरू झाला, तर वाट न पाहता पहिल्या एक-दोन दिवसांतच डॉक्टरांस दाखवावे. फ्लूवर विषाणुविरोधी औषध आहे, पण ते आजाराच्या आरंभी दिले तरच त्याचा पुरेसा उपयोग होतो. फ्लूची लसही उपलब्ध असून ती दरवर्षी घ्यावी लागते. या वर्गातील माणसांनी तिच्याविषयी आरोग्य केंद्रात विचारावे.

घरात रोगी पडला की पहिला प्रश्न 'ताप किती आहे' हा विचारला जातो. त्याच्या जोडीला दुसराही प्रश्न विचारावयास हवा : 'या घरात जपावे असे दुसरे कोण आहे?' या उत्तरावरून पुढील सर्व व्यवस्था ठरते.

घरातील व्यवस्था

'रोग्यास स्वतंत्र खोलीत ठेवावे' हा नियम पुस्तकात सोपा वाटतो. दोन खणांच्या घरात सात माणसे राहत असतील तेथे तो शब्दशः पाळता येत नाही. नियम पाळता येत नाही म्हणून लोक काहीच करीत नाहीत, आणि नुकसान होते ते येथेच. जेवढे शक्य आहे तेवढे करणे, हा खरा नियम होय.

खोली स्वतंत्र नसेल तर पडवी, ओटी किंवा माळवद यांपैकी आडोशाची व मोकळ्या हवेची जागा रोग्यास द्यावी. तीही नसेल तर खोलीचा खिडकीकडचा कोपरा त्याला द्यावा आणि जपावयाच्या माणसाचे अंथरूण दुसऱ्या टोकास, जमल्यास शेजारच्या किंवा नातलगांच्या घरी हलवावे. पुष्कळदा रोग्यास हलविण्यापेक्षा आजीस चार दिवस काकांकडे पाठविणे सोपे जाते. मात्र ती स्वतः आजारी नाही याची खात्री करून घ्यावी. एकाच खोलीत निजावे लागले तर निदान दोन हात अंतर राखावे व एकाच्या उशाकडे दुसऱ्याचे पायथे येईल असे निजावे.

वारा लागेल या भीतीने दारे-खिडक्या लावून घेण्याची व रोग्यावर वाकळीवर वाकळ घालण्याची चाल फार आहे. ती सोडावी. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा दार व खिडकी उघडी ठेवली की हवा आरपार वाहते व तरंगणारे कण बाहेर जातात. थंडी वाजत असेल तर रोग्यास एक पांघरूण द्यावे, परंतु खोली कोंडू नये. चुलीचा व विडीचा धूर खोकणाऱ्या माणसास विशेष बाधतो, म्हणून चुलीजवळ अंथरूण नसावे व घरात कोणी विडी ओढू नये.

रोग्याची शुश्रूषा शक्यतो एकाच माणसाने करावी, आणि ते माणूस धडधाकट असावे. गरोदर सुनेने किंवा वृद्ध आजीने उशाशी बसून राहू नये. रोगी व शुश्रूषा करणारा हे जवळ येतील तेव्हा दोघांनीही नाक-तोंड झाकणारा मास्क लावावा. तो नसल्यास स्वच्छ रुमाल किंवा पदराचा पट काहीसा उपयोगी पडतो, पण तो मास्कची बरोबरी करीत नाही. दोन वर्षांखालील मुलास मास्क मुळीच लावू नये. खोकताना हाताऐवजी कोपराचा आडोसा करावा. रोग्याने इतस्ततः थुंकू नये. झाकणाचे भांडे जवळ ठेवून ते रोज शौचालयात रिकामे करावे व साबणाने धुवावे.

रोग्याची ताट-वाटी व तांब्या यांस शिवाशिवीचे रूप देण्याची गरज नाही. साबणाने घासून धुतलेली भांडी इतरांस वापरता येतात. कपडेही साबणाने धुऊन उन्हात वाळविले म्हणजे पुरे. हात मात्र वारंवार, बेचा पाढा सावकाश दोनदा म्हणेपर्यंत, साबण लावून चोळावेत. अंगावर पिणाऱ्या बाळाची आई आजारी पडली तर तिने दूध तोडू नये. हात धुऊन, मास्क लावून बाळास पाजीत राहावे.

आजाऱ्यास पाहावयास जाणे हा खेड्यातील जिव्हाळ्याचा रिवाज आहे. तो मोडावयास सांगितले तर लोकांस ते माणुसकीला सोडून वाटते. म्हणून रिवाजाचे रूप बदलावे. भेटावयास येणाऱ्याने अंगणातून विचारपूस करावी. रोग्याच्या उशाशी बसण्याऐवजी त्या घरची पाण्याची घागर आणून द्यावी, गुरांस वैरण टाकावी, आरोग्य केंद्रातून औषध आणून द्यावे. याने भेटीचा हेतू अधिकच साधतो.

विश्रांती, अन्न व पाणी

या रोगांत शरीर स्वतःच विषाणूंशी झुंजत असते. त्यास विश्रांती, पाणी व अन्न पुरविणे हाच मुख्य उपचार होय. तापातही शेतात राबणे किंवा मुलाने गुरांमागे जाणे थांबले पाहिजे. रोजंदारीवर पोट असणाऱ्या घरास हे कठीण जाते, हे शिक्षकांस ठाऊकच आहे. परंतु दोन दिवसांची विश्रांती चुकविल्यामुळे आजार बळावला, तर पुढचे पंधरा दिवस बुडतात, हा हिशेब समजावून सांगावा.

तापात लंघन करावे अशी समजूत अद्याप आहे. भूक मंदावते हे खरे, पण म्हणून अन्न तोडू नये. भाताची पेज, कण्हेरी, मुगाचे किंवा कुळथाचे कढण, आंबील, मऊ खिचडी, अंडे, केळे यांपैकी जे रुचेल ते थोडे थोडे व वारंवार द्यावे. ताक व केळे यांनी खोकला वाढतो म्हणून ती वर्ज्य करण्याचे कारण नाही. पाणी, लिंबाचे सरबत, पातळ ताक, कढण असे काही ना काही दर तासाला पोटात जावे. लघवी गडद पिवळी व थोडी होऊ लागली तर पाणी कमी पडत आहे असे समजावे.

घशास कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कराव्यात. एक वर्षावरील मुलास खोकल्यासाठी चमचाभर मध देता येतो. एक वर्षाखालील मुलास मध कदापि देऊ नये, कारण त्यामुळे तान्ह्या मुलांस एक दुर्मीळ पण घातक विषबाधा होण्याचा संभव असतो. हळद घातलेले दूध किंवा आल्याचा काढा घशास बरा वाटतो, पण त्याने विषाणू मरतो असे समजू नये. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलास वाफ देताना पातेले कलंडून मुले भाजल्याच्या घटना घडतात. सबब लहान मुलांस अशी वाफ देऊच नये.

औषधाविषयी विवेक

ताप व अंगदुखी यांसाठी पॅरासिटामॉल हे एकच औषध बहुधा पुरते. प्रौढास ५०० मिलिग्रॅमची एक गोळी द्यावी आणि पुन्हा लागलीच तर निदान ४ ते ६ तासांनी द्यावी. मुलांची मात्रा वजनावर ठरते : एका वेळी दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम, आणि २४ तासांत ४ पेक्षा अधिक वेळा नाही. म्हणजे १५ किलो वजनाच्या मुलास एका वेळी १५० ते २२५ मिलिग्रॅम. येथे एक धोका आहे. मुलांच्या पातळ औषधाच्या काही बाटल्यांत दर ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, तर काहींत २५० मिलिग्रॅम औषध असते. 'एक चमचा' एवढेच लक्षात ठेवणाऱ्या आईकडून नकळत दुप्पट मात्रा दिली जाऊ शकते. बाटलीवरील आकडा वाचून दाखविणे, हे शिक्षकास सहज करता येण्याजोगे मोठे काम आहे. सर्दीच्या तयार गोळ्यांतही पुष्कळदा पॅरासिटामॉल असते. ती गोळी व ही गोळी एकाच वेळी घेऊ नये. यकृताचा विकार असलेल्यांनी व नित्य मद्यपान करणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारूनच हे औषध घ्यावे. अशा तापात मुलांस ॲस्पिरिन देऊ नये.

खोकल्याच्या औषधांविषयी अधिक सावधगिरी हवी. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधामुळे वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. खोकला साधा होता, औषधातील विषाने मूत्रपिंडे निकामी केली. त्या वेळी केंद्र सरकारच्या आरोग्य विभागाने दिलेल्या सूचनेनुसार, दोन वर्षांखालील मुलांस सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांसही ती सर्वसाधारणपणे देण्यात येऊ नयेत. शेजाऱ्याच्या घरी उरलेली बाटली मागून आणण्याची सवय तर पूर्णपणे बंद झाली पाहिजे.

प्रतिजैविके म्हणजे अँटिबायोटिक औषधे जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. 'सुई' टोचल्याशिवाय किंवा सलाइन लावल्याशिवाय ताप उतरत नाही, ही समजूत खर्चाची तर आहेच, शिवाय अपायकारकही आहे. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या रोग्यास सलाइनची गरज नसते. स्टिरॉइड औषधे सौम्य आजारात घेतल्यास उलट नुकसान होते. २०२१ मध्ये कोविडनंतर काळ्या बुरशीचा जो आजार महाराष्ट्रात पसरला, त्यामागे अनियंत्रित मधुमेह व स्टिरॉइडांचा अनाठायी वापर ही मोठी कारणे होती. मात्र मधुमेह, रक्तदाब, दमा यांची रोजची औषधे आजारपणात बंद करू नयेत.

धोक्याची चिन्हे

घरी राहून बरे होणे म्हणजे रोग्याकडे दुर्लक्ष करणे नव्हे. सकाळी, दुपारी व रात्री अशी तीन वेळा पाहणी करावी आणि ती कागदावर टिपून ठेवावी : ताप किती, श्वास कसा, पाणी किती घेतले, लघवी झाली का. घरात लिहिणारे कोणी नसेल तर सहावी-सातवीतील विद्यार्थी हे काम उत्तम करतो. मात्र त्याने रोग्यापासून अंतर राखून ते करावे.

श्वास मोजणे ही यातील सर्वांत उपयुक्त गोष्ट होय. मूल शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, त्याच्या पोटावरील कपडा बाजूस सारून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील, तर न्युमोनियाचा संशय धरून तत्काळ आरोग्य केंद्र गाठावे. दोन महिन्यांखालील बाळास नुसता ताप आला तरी घरी थांबू नये.

ऑक्सिमीटर आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मिळाल्यास प्रौढांच्या प्राणवायूचे प्रमाण पाहता येते. ते ९४ पेक्षा खाली असल्यास दवाखान्यात न्यावे. नखांवर रंग किंवा मेंदी असेल, हात गार असतील, तर आकडा चुकू शकतो, म्हणून बोट पुसून, ऊब देऊन पुन्हा पाहावे. आकडा चांगला असूनही रोग्यास धाप लागत असेल, तर धापेवर विश्वास ठेवावा, यंत्रावर नव्हे.

पुढील चिन्हांपैकी एकही दिसल्यास रात्रीची वेळ असली तरी थांबू नये :

१. बसल्या जागी धाप लागणे; एक वाक्य सलग बोलता न येणे; मुलाची छाती श्वास घेताना आत ओढली जाणे.

२. ओठ किंवा नखे निळसर अथवा राखी दिसणे.

३. छातीत सतत दुखणे किंवा दाबल्यासारखे वाटणे.

४. गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके. मूल नेहमीसारखे जागे न होणे.

५. काहीच न पिणे, सर्व उलटून पडणे, सहा-आठ तास लघवी न होणे.

६. तीन दिवसांनंतरही ताप न उतरणे. किंवा उतरलेला ताप पुन्हा चढून खोकला वाढणे.

शेवटचे चिन्ह फसवे आहे. ताप उतरून रोगी उठून बसतो, सर्वांस हायसे वाटते, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा ताप भरतो. हा बहुधा दुर्बल झालेल्या फुप्फुसांवर जीवाणूंचा हल्ला असतो व तेथे विलंब घातक ठरतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर 'साथीचाच खोकला' म्हणून स्वस्थ बसू नये. क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. ती करून घ्यावी.

शाळेत केव्हा परतावे

कोणतेही तापाचे औषध न घेता पूर्ण २४ तास ताप आलेला नाही आणि इतर लक्षणेही ओसरत आहेत, असे झाल्यावर मुलाने शाळेत यावे. सकाळी गोळी देऊन ताप उतरविलेले मूल हे बरे झालेले मूल नव्हे. फ्लूचा रोगी सर्वसाधारणपणे ५ ते ७ दिवस रोग पसरवू शकतो व लहान मुले त्याहूनही अधिक दिवस. म्हणून परतल्यावरही काही दिवस त्याने मास्क लावावा, खिडकीजवळ बसावे, घरच्या वृद्धांपासून अंतर राखावे. कवायत व धावण्याचे खेळ आठवडाभर टाळावेत.

येथे शाळेने स्वतःच्या एका चालीकडेही पाहावयास हवे. वर्षभर एकही दिवस न चुकणाऱ्या विद्यार्थ्यास बक्षीस देण्याची प्रथा अनेक शाळांत आहे. तिचा हेतू चांगला आहे. परंतु त्या बक्षिसासाठी मूल तापातही येते, आणि पालकही कौतुकाने पाठवितात. आजारपणाची रजा आधी कळविलेली असेल तर तो दिवस बक्षिसाच्या हिशेबात चुकलेला धरू नये, एवढा बदल केल्यास प्रथा राहते व अपाय टळतो.

मूल तापात शाळेत येण्यामागे याहून कठीण कारणेही असतात. आई मजुरीस जाते आणि घरी कोणी नसते. शाळेत दुपारचे गरम जेवण मिळते, घरी त्या वेळेस चूल पेटत नाही. अशा मुलास 'घरी जा' एवढेच सांगणे म्हणजे त्यास उपाशी व एकटे पाठविणे होय. त्यास मोकळ्या व्हरांड्यात वेगळे बसवावे, पाणी व जेवण द्यावे, घरच्या माणसास निरोप धाडावा आणि शेजारी किंवा नातलगांपैकी कोण त्यास सांभाळील याची विचारपूस करूनच त्यास सोडावे.

शिक्षकाचे कार्य

शिक्षक हा डॉक्टर नव्हे व त्याने तसे होऊ नये. पण गावात साथ आली हे सर्वांआधी ज्यास दिसते, तो बहुधा शिक्षकच असतो. एका आठवड्यात एकाच वर्गातील अनेक मुले ताप-खोकल्याने गैरहजर राहिली, तर त्यांची नावे व गैरहजेरीचा पहिला दिवस टिपून आशाताईंस किंवा आरोग्यसेविकेस कळवावे. तेवढ्या एका चिठ्ठीने पुढचे पुष्कळ काम सुरू होते. २०२० च्या सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' या मोहिमेत घरोघर जाऊन ताप व प्राणवायू तपासण्यात आला, तेव्हा घरोघरची माहिती वेळीच मिळण्याचे मोल सर्वांच्या प्रत्ययास आले.

वर्गात खिडक्या उघड्या ठेवणे, परिपाठ व पाठांतर शक्य तेव्हा झाडाखाली घेणे, हात धुण्याच्या जागी साबण आहे ना हे रोज पाहणे, आणि आजारी स्वयंपाकिणीस त्या दिवशी चुलीपासून सुटी देणे, या गोष्टींस खर्च पडत नाही. पाचवीपासूनच्या मुलांस श्वास मोजणे, थर्मामीटर वाचणे व औषधाच्या बाटलीवरील आकडे समजणे हे गणित व विज्ञान यांच्या तासात शिकविता येते. आजारी मुलाचा बुडालेला अभ्यास पुढे भरून काढू, असे त्याच्या घरी आधीच कळवावे. अभ्यास बुडण्याची धास्ती नसली म्हणजे मूल निश्चिंतपणे विश्रांती घेते.

शेवटी शिक्षकांच्या स्वतःच्या आजाराविषयी. द्विशिक्षकी शाळेत एक जण रजेवर गेला तर दुसऱ्यावर चार वर्गांचा भार पडतो, म्हणून कर्तव्यबुद्धीने पुष्कळ शिक्षक ताप अंगावर काढून शाळेत येतात. ही निष्ठा आदरणीय आहे, परंतु चाळीस मुलांसमोर पाच तास मोठ्याने बोलणारा रोगी शिक्षक त्या मुलांमार्फत चाळीस घरांत रोग पोहोचवितो. अशा वेळी केंद्रप्रमुखांस कळवून रजा घेणे हेच कर्तव्य होय. शिक्षक स्वतः घरी राहिला तरच 'तापात घरी राहा' हे त्याचे सांगणे गावास पटेल.

सौम्य आजार औषधाच्या दुकानात किंवा सुईच्या टोकावर बरा होत नाही. तो उघड्या खिडकीजवळ, पेजेच्या वाटीने, पुरेशा झोपेने आणि घरच्या माणसाच्या सावध नजरेखाली बरा होतो. त्याच वेळी पलीकडच्या कोपऱ्यातील आजी निरोगी राहिली, पाळण्यातील बाळ सुखरूप राहिले, तरच ते घर त्या आजारातून खऱ्या अर्थाने पार पडले असे म्हणता येईल. हजेरीपटावरील गैरहजेरीची खूण करताना प्रत्येक शिक्षकाने त्या मुलाबरोबरच त्याच्या घरातील या माणसांचीही आठवण ठेवावी.